चकतीमास्तर आणि अकरा म्हातारी यंत्रं

माझ्या ताईच्या नवऱ्याइतका तिरसट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी ग्रंथपाल आहे, दिवसभर माणसांशीच गाठ असते. भाऊजी आमच्याच ग्रंथालयात चौदा वर्षं संगणक सांभाळायचे. वाचनकक्षात खिडकीच्या बाजूला अकरा संगणक होते. त्यातला एखादा बंद पडला की भाऊजी सीडी लिहून, त्यावर पुन्हा लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, चढवून त्याला उभं करायचे. म्हणून शिपायाने त्यांचं नाव चकतीमास्तर पाडलं. त्या शिपायाशी ते दोन वर्षं बोलले नाहीत.

त्यांची पद्धत डोकं उठवणारी होती. सीडी लिहायची ती सगळ्यात कमी वेगाने, कारण जुन्या यंत्रांची नजर अधू, घाईत लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही. लिहून झाली की जुळवाजुळव. मूळ फाइलीची बत्तीस अक्षरांची एक खूण असते. सीडीवरून तीच खूण पुन्हा काढायची, मग एकाने पडद्यावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. एक अक्षर चुकलं की सीडी कट्कन मोडून टोपलीत. पास झालेली सीडी पाकिटात घालून त्या त्या यंत्राच्या कुशीला चिकटवायची.

"दिसते तर चांगली, मोडता कशाला?" असं मी एकदा विचारलं.

"दिसायला तूही चांगली आहेस," भाऊजी म्हणाले. "म्हणून काय भरवसा ठेवायचा?"

हे वीस वाचकांसमोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो राग मी नीट सांभाळून ठेवला.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीशी करार होऊन नवे संगणक आले. जुने काढायचे तर मुख्य कार्यालयाला टिपण पाठवायचं होतं. मी लिहिलं, 'सदर अकरा यंत्रे व त्यांची देखभाल करणारा कर्मचारी, दोन्ही कालबाह्य झाले असून ग्रंथालयास त्यांचा उपयोग उरलेला नाही.' खाली सही, हुद्दा, तारीख. कर्मचाऱ्याबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं. यंत्रांपाशी थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. त्याच टिपणाची प्रत हातात देऊन भाऊजींना कामावरून काढलं, ते झेरॉक्सच्या दुकानात लागले आणि ताईने माझे फोन उचलणं बंद केलं.

यंदा करार संपला आणि कंपनी आपले संगणक उचलून घेऊन गेली. पाठोपाठ पत्र आलं: गुरुवारी समिती येईल, वाचनकक्षात चालू संगणक नसतील तर कक्ष बंद, आणि कक्षाबरोबर माझं पदही. अडगळीच्या खोलीत ती अकरा यंत्रं अजून होती. नियमाप्रमाणे त्यांच्यातलं सगळं पुसलेलं होतं, आणि कुशीची पाकिटं मीच ओरबाडून फेकली होती.

भाऊजींचं तोंड बघायला नको म्हणून आधी मीच खटपट केली. पेन ड्राइव्ह त्या यंत्रांच्या गावीही नव्हता. मग लिनक्सच्या साइटवरून फाइल उतरवून सीडीवर टाकली. अकराच्या अकरा पडदे काळेच राहिले. शेवटी नाक मुठीत धरून दुकानात गेले आणि सगळं सांगितलं.

"सीडीवर फाइल कशी टाकलीत मॅडम?" भाऊजींनी झेरॉक्सचं झाकण उघडताना विचारलं. पूर्वी मला 'अगं' म्हणायचे.

"कॉपी केली."

ते इतके हसले की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "पुस्तकाचं पार्सल न फोडता कपाटात ठेवलंत आणि म्हणता वाचक वाचत का नाहीत! ती फाइल उलगडून लिहावी लागते."

"भाऊजी, माझी नोकरी जाईल हो."

"जाते कधीकधी," ते म्हणाले. कागद मोजून गिऱ्हाइकाला दिले आणि मग बोलले, "करतो. पण कागदावर बोट तुम्ही ठेवायचं."

दोन संध्याकाळी मी ताईच्या घरी बसले. ताई पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवायची आणि आत जायची. भाऊजी वाचायचे, मी बोट सरकवायचे. माझी नजर जरा हलली की "पुन्हा पहिल्यापासून!" एकदा मी साइटवरची खूण काढून पाहिली, तर ती आमच्या कागदावरच्या खुणेशी जुळेना.

"भाऊजी, ही तर वेगळीच आहे."

"मूळ फाइलीत मी थोडी भर घातलीय. भर घातली की खूण बदलते. कागदावरची माझी आहे."

"कसली भर?"

"तुमच्या ग्रंथालयाला लागेल तेवढी."

यांना विचारून कधी सरळ उत्तर मिळालंय? मी पुढचं अक्षर शोधलं.

बुधवारी दिवसभर त्यांनी कक्षाचं दार लावून घेतलं आणि मला आत पाऊल टाकू दिलं नाही. गुरुवारी समितीचे तिघे आले. भाऊजींनी एकामागून एक अकरा बटणं दाबली आणि पिशवी खांद्याला लावून दारात जाऊन उभे राहिले. यंत्रं घरघरली, पडदे उजळले, माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात समितीचे प्रमुख चष्मा सावरून पुढे वाकले आणि मोठ्याने वाचू लागले. "सदर अकरा यंत्रे व त्यांची देखभाल करणारा कर्मचारी, दोन्ही कालबाह्य झाले असून..."

अकराही पडद्यांवर, यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी, तेच होतं. खाली हुद्दा, तारीख.

"हा कर्मचारी कोण?" प्रमुखांनी हसत विचारलं.

"ते दारात उभे आहेत," मी म्हणाले. "माझ्या बहिणीचे यजमान."

त्यांचं हसू मावळलं. "आणि हे लिहिलं कोणी?"

सही पडद्यावर नव्हती, फक्त हुद्दा होता. माझ्या आधीच्या ग्रंथपालाचं नाव सांगून सुटता आलं असतं. मी दाराकडे पाहिलं. भाऊजी माझ्याकडे तसेच बघत होते, जसे सीडी हातात घेऊन शेवटच्या अक्षराची वाट बघायचे.

"मी," मी म्हणाले.

प्रमुखांनी अकरा यंत्रं मोजली आणि कक्ष चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. माझं पद राहिलं.

जिन्यात मी भाऊजींना गाठलं. "आता तेवढं काढून द्या ना."

"लिहिताना मी मदत केली होती का?" ते म्हणाले आणि उतरून गेले.

मला ते काढता येत नाही. रोज सकाळी वाचक यायच्या आधी मी अकरा यंत्रं स्वतः चालू करते, आणि शिपाई मागे झाडू मारत असताना अकरा वेळा माझं वाक्य वाचते.