मोगऱ्यावरची पिंक

सकाळी गॅलरीत गेलो, तर मोगऱ्याच्या कळ्यांवरून पानाची लाल पिंक ओघळत होती. बायको गेल्यापासून मी नुसता बसून असतो, म्हणून मुलीने ही कुंडी आणून दिली होती. "झाडांत मन शांत होतं, बाबा," म्हणाली होती.

तडक वरच्या मजल्यावर गेलो. शेजाऱ्याने तोंडातलं पान न थुंकताच दार उघडलं.

"अहो काका, झाडच आहे ते. पाणी मारा, जाईल धुऊन."

"तुमच्या देवघरात येऊन थुंकू का?" मी ओरडलो. तो हसला, तेव्हा त्याच्या हनुवटीवर लाल ओघळ आला.

खाली येऊन मी एकेक पान ओल्या फडक्याने पुसत बसलो. तंबाखूचा आंबूस वास बोटांना चिकटला आणि मी नाक मुरडून फडकं लांब धरलं. माणसाला स्वतःच्याच तोंडातली घाण नकोशी होते, आणि ती टाकायला दुसऱ्याची हिरवी जागा कशी बरोबर सापडते?

मन काही शांत झालं नाही. पण बायको गेल्यापासून आजवर मला राग आला नव्हता, रडू नाही, किळससुद्धा नाही. साबणाने खसाखसा हात धुतले आणि जाणवलं, कित्येक महिन्यांनी मला कडकडून भूक लागली होती.