साबणाची दोन टोकं

टोरीच्या तेलाचा वास आधी कडवट लागतो, मग ऊबदार होतो आणि हळूहळू नाकाला जाणवेनासाच होतो. मोहाच्या बियांना इकडे देवरीकडे टोरी म्हणतात. सांगलीकडून लग्न होऊन आले तेव्हा परका वाटलेला तो गंध आज माझ्या पदराला येतो, कारण गावातल्या आम्ही काही जणी मिळून या तेलाचा साबण करतो.

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे साबण शिकवायला आलेल्या ताईंनी फळ्यावर ‘ध्रुवीयता’ लिहिलं, तेव्हा मी मागे सरकून बसले. आता विचारतील की काय! पण त्यांनी सोपं करून सांगितलं. पाण्याच्या कणाला दोन टोकं असतात, एक किंचित धन, एक किंचित ऋण, म्हणून ते कण एकमेकांना धरून राहतात. तेलाला अशी टोकं नाहीत, म्हणून पाणी त्याला आपल्यात घेत नाही. साबणाचं मात्र एक टोक पाण्याच्या ओढीचं, दुसरं तेलाच्या. दोघांनाही धरतो, म्हणून तर मळ निघतो.

आणि आपण बोलताना काय करतो? दोन माणसांचा अबोला झाला की ती दोन ध्रुवांवर गेली म्हणतो, अन् दोघांवर जीव असलेल्या तिसऱ्याला दुतोंडी ठरवतो. विज्ञानाला जो जोडण्याचा गुण वाटतो, तोच आपल्या बोलण्यात दोष व्हावा ना!

ती तिसरी मीच होते. बाजारात दुकान कोणी मांडायचं यावरून सेवंताबाई आणि रुखमाबाई या आमच्या दोघी जाणत्या बायांचं फाटलं होतं. एकाच चुलीपाशी बसून एक म्हणायची, “तिले सांग, जाळ कमी कर.” दुसरी म्हणायची, “तिले म्हणा, दिसते मले.” मी निरोप पोचवत राही आणि धास्तावत राही. गट मोडला तर मी जाऊ कुठे? घरी मी दूरची सून. नावाने हाक मिळते ती इथेच. नवी असताना पहिली भाकर याच दोघींनी पुढ्यात ठेवली होती. त्यांतली एक कशी निवडू?

मग साबणाची एक खेप बिघडली. सेवंताबाईंनी संध्याकाळीच, तेलाचा साबण ज्याने होतो ते कास्टिक पाण्यात विरघळवून ठेवलं होतं. रात्रभर निवलेलं ते पाणी साध्या पाण्यासारखंच दिसत होतं. सकाळी रुखमाबाईंनी त्यातच पुन्हा कास्टिक टाकलं. अबोला होता, विचारणार कोण? कास्टिक दुप्पट झालं, वड्या ठिसूळ झाल्या, बोटांना झोंबू लागल्या. सगळं पुन्हा वितळवून तेवढंच तेल आणखी घालणं, हा एकच उपाय होता. आणि उरलेलं तेल सेवंताबाईंच्या घरी.

“जाय वो, तिले तेल माग,” रुखमाबाई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, “बाई, मी आता निरोप नेणार नाही. तुम्हीच मागा.”

“काऊन वो, तोंड फुटलं का तुले?”

मी वड्या फोडून पातेल्यात टाकू लागले. एखादा निरोप न नेण्यातही जोडणं असतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! रुखमाबाई फणकाऱ्याने उठल्या आणि सेवंताबाईंच्या घराकडे निघाल्या. बऱ्याच वेळाने दोघी डबा दोन्ही बाजूंनी धरून आल्या. जड होता, एकटीला उचलवला नसता. तेल ओतलं. रुखमाबाई ढवळू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“थांबली कायले? ढवळ ना,” सेवंताबाई थेट त्यांना म्हणाल्या.

“हात दुखते माहा. तू ये.”

सवयीने मी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. पोचवायला काहीच नव्हतं. हे रिकामपण किती सुखाचं असतं! मी चुलीत एक लाकूड सारलं आणि दोघींचं भांडण ऐकत बसले.