त्या दुपारी पाण्यात मी होते

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला, सुधीरला माहीत नाही. आमच्या मुलीला, सईला तर नाहीच. माझ्या सख्ख्या बहिणीला मी आयुष्यातलं सगळं सांगितलंय — लग्नाआधीचं, लग्नानंतरचं — पण हे नाही. फोनवर बोलताना दोनतीनदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि मग मी भलतंच काहीतरी विचारलं, लोणच्याच्या फोडी किती मोठ्या करतेस वगैरे. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आईंना ओळखत नव्हता म्हणून असेल. ओळखत असता तर नसतं सांगता आलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. जळगावला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्या आणि सईच्या जन्माच्या वेळी आमच्याकडे जर्सी सिटीला आल्या. सुधीरची बहीण इथली सिटिझन, तिने त्यांचं ग्रीन कार्ड केलं होतं, त्यामुळे राहू शकल्या. त्या राहिल्या म्हणून मी नोकरीवर परत जाऊ शकले. सकाळी मी ट्रेन पकडायला धावायचे तेव्हा सई त्यांच्या कडेवर असायची, आणि संध्याकाळी न्हाऊमाखू घातलेली, पोट भरलेली मुलगी माझ्या हातात मिळायची. माझ्याबरोबरच्या मुली डेकेअर आणि बेबीसिटरच्या पायी रडकुंडीला यायच्या. मी नाही. हे आधीच सांगते — माझ्यावर कुणी अन्याय केला नव्हता. सासुरवास नव्हता, जाच नव्हता. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

सई चार वर्षांची होती त्या उन्हाळ्यात आम्ही इटलीला गेलो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सुधीरच्या ऑफिसात टोनी नावाचा एक इटालियन-अमेरिकन होता; त्याच्या मावशीचं एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर एका लहान गावात छोटं हॉटेल होतं. टोनी म्हणाला, मुलांना घेऊन जायला यासारखं गाव नाही, आणि तुझ्या आईलाही ने. आम्ही भारताखेरीज कुठे गेलोच नव्हतो. गेलो.

आणि टोनी खरं बोलला होता. अजून ते गाव आठवलं की मला बरं वाटतं — हे कसं काय, असं तुम्ही शेवटी विचाराल, पण वाटतं. वाळूवर रंगीत छत्र्यांच्या रांगाच्या रांगा. पाणी इतकं उथळ की पुष्कळ आत गेलं तरी गुडघ्याएवढंच. चार चाकांची पॅडल मारायची गाडी भाड्याने मिळायची, सगळं कुटुंब तीत बसून गावभर हिंडायचं. आणि आज्या! प्रत्येक कुटुंबाबरोबर एक तरी आजी. संध्याकाळी त्या पाण्यात घोट्याएवढ्या उभ्या राहून तासन् तास गप्पा मारायच्या. तिसऱ्याच दिवशी बघते तर आई त्यांच्यात. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, एक शब्द कळत नाही, पण माना डोलवणं चाललंय. टोनीची मावशी ल्युचिया — आई तिला ल्युसीबाई म्हणायच्या — तव्यावर पोळीसारखं काहीतरी भाजायची. आईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि तिला बाजूला सारून स्वतः लाटायला बसल्या. दोघी हसून हसून बेजार. आईंना मी इतकं हसताना घरी कधी पाहिलं नव्हतं.

मी लांबण लावतेय. माझ्या लक्षात येतंय.

मला पोहायला येतं. सई व्हायच्या आधी, आमच्या बिल्डिंगजवळच्या पूलवर मी मोठेपणी शिकले, आणि मला त्याचं वेड लागलं होतं. सई झाल्यावर ते सुटलं. इटलीला जाताना मी बॅगेच्या तळाशी स्विमसूट ठेवला होता, आणि रोज कपड्यांच्या आत घालून किनाऱ्यावर जायचे आणि रोज तसाच कोरडा परत आणायचे. आईंसमोर कुडता काढायची हिंमत होईना. त्या काही म्हणाल्या असत्या का? मुळीच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. लाज माझी होती, त्यांची नाही.

त्या दुपारी सुधीर पॅडलगाडी घेऊन बाजारात फळं आणायला गेला होता. जेवणं झाली होती. सई छत्रीखाली टॉवेलवर झोपली होती, पिवळ्या पोहण्याच्या कपड्यात. आई उठल्या, म्हणाल्या, "वृंदा, मी जरा खोलीवर पडते. सईकडे बघतेस ना?"

मी "हो" म्हटलं. मान वर करून, त्यांच्याकडे बघून म्हटलं.

त्या रस्ता ओलांडून गेल्या. मी त्या दिसेनाशा होईपर्यंत थांबले, मग कुडता काढला आणि पाण्याकडे चालत गेले. सई झोपलीय, दोन मिनिटं — असं स्वतःला सांगितलं. पण पोहण्याजोगं पाणी यायला लांबवर आत जावं लागायचं, अगदी लाटा अडवायला समुद्रात घातलेल्या दगडी बांधापर्यंत. तिथे मी उताणी होऊन तरंगले. कान पाण्याखाली, वर नुसतं आकाश. चार वर्षांत पहिल्यांदा कुणी मला हाक मारत नव्हतं. मी सुखात होते — याला दुसरा शब्द नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

परत आले तर टॉवेल रिकामा.

आता ऐका मी काय केलं. मी आधी कुडता घातला. सलवार घातली. ओल्या अंगावर, घाईघाईने. माझी मुलगी दिसत नाहीये आणि मी नाडी बांधतेय. मग हाका मारायला लागले, आणि तेवढ्यात आई रस्ता ओलांडून येताना दिसल्या. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, सई कुठाय?

आणि मी म्हणाले, "तुमच्याबरोबर नाही? तुम्ही नेलीत ना तिला?"

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर परत घेता आलं असतं, नाही का? पुढच्या श्वासाला घेता आलं असतं. आईंचा चेहरा — त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. मी नेली का? खरंच, मी नेली का? रोग्यांच्या औषधाच्या वेळा कधी न चुकवलेली बाई, माझ्या एका वाक्यावर स्वतःच्या डोक्यात शोधायला लागली.

हेच सगळ्यात वाईट असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पण याहून वाईट आहे.

आरडाओरडा ऐकून किनाऱ्यावरचा जीवरक्षक धावत आला. शेजारच्या छत्र्यांमधले लोक उठले. त्याने मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, कुठे, कुठे गेली? मी रस्त्याकडे बोट दाखवलं. कारण आई तिकडे गेल्या होत्या, आणि सई आईंबरोबर गेली असं मी म्हटलं होतं. तो आणि बाकीचे सगळे रस्त्याकडे पळाले. पट्टीचे पोहणारे, धडधाकट माणसं — सगळी मी समुद्राकडे पाठ करून पाठवून दिली. मला माहीत होतं की मुलगी उठून माझ्या मागे पाण्यात गेली असू शकते. ते फक्त मलाच माहीत होतं. त्यांना मी परत बोलावलं नाही. मी एकटीच पाण्याच्या कडेने धावत राहिले, उथळ पाण्यात पिवळं काही दिसतंय का बघत. आपली अब्रू आणि आपलं मूल, यांतलं मी काय राखलं? मला उत्तर माहीत आहे म्हणून विचारतेय.

मग भोंगे वाजले. त्या किनाऱ्यावर खांबांवर लाउडस्पीकर असायचे. एरवी गाणी लागायची. आधी इटालियन, मग जर्मन, मग इंग्लिश — एक लहान मुलगी सापडली आहे, काळे केस, पिवळे कपडे, अमुक रंगाच्या छत्र्यांपाशी आहे. तिचं नाव आजी.

तिला नाव विचारलं असणार, आणि ती एकच शब्द म्हणत असणार.

ती पाण्यात गेलीच नव्हती. वाळूवरून नुसती चालत गेली होती, खूप लांब. आम्ही पोचलो तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या मांडीवर बसून पीच खात होती, आणि त्याची बायको टोपीने तिला वारा घालत होती. अनोळखी माणसं. मी त्यांचे हात धरून रडले, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. देव मी फारसा मानत नाही, पण त्या दोघांना मी अजून मनातल्या मनात नमस्कार करते. सईने मला पाहिलं आणि माझ्या शेजारून आईंकडे झेपावली.

"आय वॉज लुकिंग फॉर आजी," ती म्हणाली.

म्हणजे माझं खोटं तिनेच खरं करून टाकलं. सुधीर कलिंगड घेऊन आला तेव्हा किनाऱ्यावर गर्दी, सगळी रडारड. त्याने विचारलं काय झालं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "माझ्याकडून झालं रे. माझ्या मागे आली असणार, मला कळलं नाही."

मी त्याच्या हातातलं कलिंगड घेतलं.

रात्री मी मोरीत टॉवेलमध्ये गुंडाळून दडवलेला स्विमसूट घ्यायला गेले तर तिथे नव्हता. सकाळी तो गॅलरीत दोरीवर होता — खारं पाणी धुऊन काढलेला, आणि वरून आईंची साडी अशी पसरलेली की खालचं कुणाला दिसू नये. त्या ल्युसीबाईकडे लाटणं घेऊन बसल्या. पण त्या दिवसापासून सईला पाण्यात न्यायची वेळ आली की म्हणायच्या, तू ने, मी इथे बसते.

जर्सी सिटीला परतल्यावर सुधीर मला म्हणाला, "मी आईला ब्लेम नाही करत. पण वय झालंय तिचं. सईला तिच्या एकटीवर नको सोडायला." किती समजूतदारपणे म्हणाला! मी मान हलवली. सईला डेकेअरमध्ये घातलं. नदीकाठच्या पार्कमध्ये आजी-नात रोज जायच्या ते बंद झालं. आई दिवसभर घरात एकट्या. आणि मग त्या गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठून बघायला लागल्या. किल्ली घेतली का, मला विचारायला लागल्या. मीठ घातलं का, मला विचारायला लागल्या. मला! एक वाक्य बोलले असते तर त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. मी काय सांगायचे? "घातलंत, आई." एवढंच.

थंडी सुरू व्हायच्या आत त्या कायमच्या जळगावला गेल्या. आता इथे माझा काय उपयोग, म्हणाल्या — कुरकूर करत नव्हत्या, आपलं जे दिसतं ते सांगत होत्या. एअरपोर्टवर सईला त्यांच्यापासून सोडवायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला.

पुढे पुष्कळ वर्षांनी त्या आजारी असताना मी जळगावला गेले होते. दुपारची वेळ, घरात दोघीच. मी त्यांचे पाय चेपत होते. त्यांचा डोळा लागलाय असं वाटत होतं.

"त्या दिवशी पाणी कसं होतं गं?"

"कुठलं पाणी?" मी विचारलं. मला न कळायला काय झालं होतं?

"ल्युसीबाईच्या गावचं."

"छान होतं, आई. गार होतं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुला कधीपासून पोहायचं होतं. रोज आतून घालून यायचीस, मला दिसायचं." मग अगदी हळू, "मी तुला सांगून गेले होते ना गं?"

त्यांना आणखी काही नको होतं. सुधीरला कळावं, मी माफी मागावी, काहीही नको होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "आठवत नाही, आई."

त्यांनी माझा हात थोपटला. "असू दे. मलाही नीट आठवत नाही."

त्यानंतर त्या फार दिवस जगल्या नाहीत.

मी कृतज्ञ आहे — हे असं म्हणताना विचित्र वाटतं, पण खरं आहे. माझी मुलगी जिवंत आहे. माझा संसार, माझी नोकरी, सुधीरच्या नजरेतलं माझं स्थान, सगळं जागच्या जागी राहिलं, कारण एका बाईने ते दोरीवरच्या कपड्यासारखं झाकून ठेवलं. ते उपकार मी रोज आठवते. आठवण्यापलीकडे त्यांचं काही केलं नाही.

सुधीर अजून ती गोष्ट सांगतो. घरी मंडळी जमली, कुणी इटलीचा विषय काढला, की आजीने नात कशी हरवली आणि लाउडस्पीकरवर "आजी, आजी" कसं ओरडले, हे तो रंगवून सांगतो. प्रेमाने सांगतो. लोक हसतात, मीही हसते. आता सईला मुलगा आहे. परवा त्याला माझ्याकडे सोडून ऑफिसला निघताना ती म्हणाली, "तू आहेस म्हणून टेन्शन नाही. आजीसारखी हरवणार नाहीस त्याला." मी त्याला कडेवर घेतलं आणि दारातून तिला हात केला.

आई काही विसरल्या नव्हत्या. मला सांगून गेल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघून "हो" म्हटलं होतं.