बरणीतली झडप

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत मी तुमसरला घरी बसून नागपूरच्या एका सर्जनसाठी आजारी हृदयांची चित्रं काढत होते. जलरंगात. फोटोत नको तेही दिसतं, विद्यार्थ्यांना नेमकं तेवढंच दाखवायला चित्रच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नागपूरला जाऊन बरण्यांमधल्या हृदयांची रेखाटनं करून आणायचे आणि रंग घरी भरायचे. पण औषधात बुडवलेलं हृदय उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं होतं. म्हणून रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं ताजं दिल आणायचं, बशीत ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत लाल कालवायचा.

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का व? मसाला वाटून ठेवला हाय."

काम संपलं की मी हाक मारायचे, "आई, झालं. घेऊन जा." ती बशी उचलून न्यायची आणि जेवायच्या वेळी माझा नमुना रश्श्यात असायचा. कुणाला किळस येत असेल तर येवो. आमच्या घरात काही वाया जात नसे.

आईचं हृदयही आजारीच होतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं आतली एक झडप आक्रसत गेली होती. बादली उचलली तरी तिला धाप लागायची. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायची. शेवटी मी तिला तशाच झडपेचं एक चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं.

"हे त दुसऱ्याची हाय. माहीवाली कशी हाय?"

"बाहेर काढल्यावर दिसेल."

"मंग तिचं चित्र काढशीन? मले पायचं हाय, इतके साल कोण मले दमवून रायलं ते."

मी हो म्हटलं. त्या एका अटीवर ती तयार झाली. सर्जननाही मी ते सांगून ठेवलं.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आलीच नाही. सर्जननी छोटी बरणी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "नको असेल तर राहू द्या." मी ती पिशवीत ठेवली.

मला रडू आलं नाही. घरी माणसं जमली, मी चहा केला. शेजारची बाई म्हणाली, "रड व बाई, मोकळी हो." मला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

पुढे एका रविवारी मटणाच्या दुकानात गेले, दिल आणलं. बशी एका बाजूला, बरणी दुसऱ्या बाजूला. झडप जाड, पिवळट होती, कडा एकमेकींना चिकटलेल्या, मधे नुसती फट. आधी फिका पिवळा दिला, तो वाळल्यावर तपकिरी. ओली चकाकी हवी तिथं कागद कोरा सोडला. चित्र चांगलं झालं, कदाचित मी काढलेल्यांत सगळ्यात चांगलं.

ब्रश पाण्यात टाकला आणि हाक मारली, "आई, झालं. घेऊन जा."

मग वाट बघत बसले. बशीतल्या दिलावर माश्या बसायला लागल्या, तेव्हा मला कळलं की आई गेली.