वारलूच्या पोटातलं पुस्तक

छप्पन साली चांदा जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्यात गेला. अहेरीपलीकडच्या जंगलातले सागवानी ओंडके मात्र होते तिथंच पडून राहिले. ते कुणीतरी चिरायचेच होते. वारलू आणि पत्रू चिरत.

ओंडका खड्ड्यावर आडवा टाकतात. एक गडी वर, एक खाली, मधे लांब करवत. वरच्याची कंबर जाते, खालच्याचे डोळे. सगळा भुसा त्याच्या तोंडावर पडतो. म्हणून जेवण झालं की जागा बदलायची रीत. वारलू बदलत नसे. तो चिरणाऱ्यांच्या मुक्कामाचा वाचणारा होता, आणि वाचणाऱ्याचे डोळे जपले पाहिजेत असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ठरवताना सगळ्यात मोठा आवाज वारलूचा होता.

पुस्तक मुळात ठेकेदाराच्या मुंशी गुणवंतरावाचं. त्याला मनातल्या मनात वाचता येत नसे. खड्ड्याच्या काठावर बसून तो मोठ्यानं वाची आणि त्यालाच देखरेख म्हणे. वरोऱ्याला बदली झाली तेव्हा ओझं नको म्हणून ते तो वारलूला देऊन गेला. किल्ल्यात कोंडलेली राजकन्या हंसगौरी, हरामखोर दिवाण, घोडे, तलवारी, सगळं त्यात होतं. वारलूला अक्षर तेवढं येत नव्हतं.

पण त्यावाचून अडलं नाही. ऐकलं सगळ्यांनीच होतं, ध्यानात फक्त वारलूच्या राहिलं. गुणवंतराव वाचत असताना वारलूनं जे खाल्लं, ते ते प्रकरण त्या त्या चवीला चिकटलं होतं. जवसाची चटणी जिभेवर आली की हंसगौरीचं लग्न मोडे, शब्दन् शब्द. लाखोळीच्या वरणाला फोडणी बसली की दिवाण विष कालवायला घेई. लढाई खाण्यावर नव्हती. करवतीच्या दातांवर कानस घासली की तलवारी निघत.

त्यामुळं वाचनाआधी फर्माईश सुटे.

"नीलाबाई, आज वांगं भाज."

नीलाबाई पत्रूची बायको; मुक्कामाचा स्वयंपाक तिच्याकडं. "वारलूभाऊ, तुमी वाचता का चरता?"

"रिकाम्या पोटी अक्षर हालते, बाई."

वांगं भाजलं गेलं आणि हंसगौरी दोर लावून तटावरून उतरली. पायथ्याशी दिवाण विषाचा पेला घेऊन उभा. पुस्तक वारलू छातीशी धरूनच उघडी; इथं त्यानं ते मिटलं आणि पुन्हा उघडेना. कधी आभाळ आलं, कधी डोकं चढलं. खरी गोष्ट अशी, की शेवट त्यानं तापात ऐकला होता. गुणवंतराव एका हातानं वाचत होता आणि दुसऱ्या हातानं त्याच्या नरड्यात भुईनिमाचा काढा ओतत होता. त्या काढ्याची आठवण आली तरी वारलूला उमासे येत.

शेवटाला चित्र तरी असेल म्हणून नीलाबाईनं एका सकाळी पुस्तकाचं फडकं सोडलं. पुठ्ठे शाबूत. आत वाळवीची माती. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा तिनं ती माती वारलूच्या पत्रावळीवर वाढली.

"हे काय वाचून राह्यले होते?"

वारलूनं मातीकडं पाहिलं. "आताच लागली असंल उधई."

"आता? तिची नातवंडं नांदून राह्यली यात."

पत्रूनं आपले लालभडक डोळे पुसले. "म्हणजे मी डोळे कोनाचे जपून राह्यलो?"

वारलूनं सगळं सांगून टाकलं. जवस, लाखोळी, कानस. मार बसला तरी त्याचं काही नव्हतं. खड्ड्यावरच्या माणसाला मार म्हणजे काय. उद्यापासून दुपारी आपल्याभोवती कोणी बसणार नाही, याची त्याला भीती वाटली.

नीलाबाईनं पत्रावळीवरची माती झटकली. मग म्हणाली, "म्हणजे पुस्तक तुमच्या पोटात हाये."

"हाये."

"मंग शेवटाले काय रांधू?"

माणूस सुधारतो म्हणतात. वारलू म्हणाला, "कोंबडी."

"गुणवंतराव माळकरी," पत्रू म्हणाला. "त्याच्यापुढं कोंबडी कोन खाल्ली?"

वारलूनं मान खाली घातली. "भुईनिमाचा काढा होता."

इतकी वर्षं करवत ओढली, पण पत्रू इतका चपळ कधी दिसला नव्हता. झोपडीतली वाळली जुडी त्यानं स्वतः आणली, स्वतः उकळली, आणि काढा काळा होईतो चुलीवरून उतरवू दिला नाही. लोटा भरून पुढं ठेवला. सगळे सरकून जवळ बसले.

पहिल्या घोटाला वारलूचं तोंड वाकडं झालं आणि हंसगौरीनं पेला हातात घेतला. दुसऱ्याला ती हसली. "तूच कालवलं ना? मंग आधी तू पे." दिवाण मागं सरला, मागं किल्ल्याची भिंत. वारलू थांबला.

"थांबला काऊन?" पत्रू म्हणाला. "पे."

वारलूनं खालचा गाळसुद्धा प्याला. दिवाण आडवा झाला. हंसगौरी त्याच्याच घोड्यावर बसून गेली आणि लग्नबिग्न तिनं कुणाशी केलं नाही. नीलाबाईला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता वारलू खड्ड्यात उतरला. पत्रूनं वर पाय रोवले. करवत चालू झाली, भुसा वारलूच्या तोंडात गेला, आणि त्यानं करवत धरून ठेवली.

"काय झालं?" वरून पत्रू.

"एक प्रकरण राह्यलं होतं. गुणवंतरावानं वाचलं तवा मी खालीच होतो."

"मंग ओढता ओढता सांग," पत्रू म्हणाला. "वर येऊ नको."