‘काकवी’ लिहिलेली बाटली

शिरवळच्या खोलीतल्या बिअरचे किस्से एकातून एक निघत जातात. खोलीत आम्ही तिघं: मी, माणचा संपत आणि सांगलीकडचा अजित. तिघंही एकाच कारखान्यात. परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी केली.

*

बाटलीत फेस धरावा म्हणून झाकण लावताना थोडी साखर घालतात. कृतीत डेक्स्ट्रोज लिहिलं होतं. ते म्हणजे ग्लुकोजच, म्हणून संपत मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आणायला गेला.

दुकानदारानं विचारलं, "एवढी पाकिटं? आजारी कोण हाय?"

संपत घाबरून म्हणाला, "आमी तिघंबी."

खोलीवर येऊन बघतो तर पावडर संत्र्याच्या चवीची.

*

दुसऱ्या खेपेला गूळ. "घरचा हाय, थोडा जास्त पडू दे," म्हणत अजितनं तो अंदाजानं घातला.

आठव्या दिवशी आम्ही जेवत असताना आतल्या खोलीत बाटली फुटली. काच दाराच्या फळीत रुतली. मग दुसरी फुटली. जास्तीच्या गुळानं आत दाब वाढला होता; उरलेल्या दहांची झाकणं काढून हवा सोडणं भाग होतं. अजित हेल्मेट आणि रेनकोट घालून आत गेला. प्रत्येक झाकणाला आम्ही बाहेर डोळे मिटून घ्यायचो. सहा झाकणं मोजली, मग आवाजच येईना.

दार ढकललं. अजित भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "हात ऐकंनात रं."

उरलेल्या चार मी उघडल्या. कशा उघडल्या, आठवत नाही.

*

तिसऱ्या खेपेला काकवी. कशात काय घातलंय ते कळावं म्हणून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या: ‘काकवी’. त्याच आठवड्यात संपतची आई येऊन गेली. ती दुपारच्या एसटीनं निघाली आणि तासाभरानं आमच्या लक्षात आलं, एक बाटली कमी आहे. संपतनं फोन लावला.

"व्हय, मीच घेतली. नातवंडांना काकवी लय आवडती."

"आई, ती मांडीवर असंल तर खाली ठेव. हलवू नगं."

"आता कुठली? शेजारी एक पोलीस बसलं हुतं. त्यांच्या पोरांनाबी आवडती म्हणालं, म्हणून दिली. ते लोणंदला उतरलं."

संपतनं विचारलं, "त्यास्नी काय सांगितलंस?"

"लेकानं घरी केलीया म्हणलं. तुझं नाव, खोलीचा पत्ता, समदं दिलंय. चांगला माणूस हाय. येतो म्हणालं भेटायला."