रस्ता बागेच्या आतून होता

माझी मुलगी सातवीत गेली तेव्हा तिच्या गणिताच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं, की घरी अभ्यासाला मुलांनी फोनमधला एआय शिक्षक वापरला तरी हरकत नाही, फक्त मोठ्या माणसांनी लक्ष ठेवावं. आमच्याकडे लक्ष ठेवायला मी एकटीच. नवरा वरणगावला नोकरीला, तो सुट्टीपुरता धुळ्याला येतो. मी इथे बस डेपोच्या ऑफिसात. घरात आणखी माझे सासरे, नाना. त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं, आणि अजून घरात ते अहिराणीच बोलतात.

मुलीला गणिताची भीती होती. अपूर्णांक सुरू झाले त्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं, तेही फक्त गणिताच्या तासाला. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हसून परत पाठवलं. क्लास लावला तर तिथे ती मागच्या बाकावर गप्प बसायची. न समजलेलं विचारायला तिला लाज वाटायची. फोनला विचारायला लाज वाटणार नाही, एवढाच विचार करून मी हो म्हटलं.

अट एकच घातली. अभ्यास स्वयंपाकघरात बसून करायचा, आणि फोन स्पीकरवर. भाकरी थापता थापता मला ऐकू यायचं. पहिले काही दिवस जे ऐकलं ते मला पटलं नाही. ती पानाचा फोटो काढायची, तो आवाज उदाहरण घडाघडा सोडवायचा आणि ही उतरवून घ्यायची.

"हे गणित चाललंय की शुद्धलेखन?" मी विचारलं.

ती फुरंगटली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला सांगितलं, "उत्तर सांगू नको. मी अडले की मला प्रश्न विचार."

तेव्हापासून एकेका उदाहरणाला इतका वेळ लागायला लागला, की माझा स्वयंपाक उरकला तरी हिचा अभ्यास चालूच असायचा. तो आवाज मोठा सोशिक. एकच गोष्ट कितीही वेळा विचारा, वैतागत नाही. माझ्याच्यानं ते झालं नसतं. पोटदुखी कधी थांबली ते आमच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी क्षेत्रफळाचं उदाहरण होतं. आयताकृती बाग, चाळीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, आणि तिच्या कडेकडेनं आतून दोन मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचं क्षेत्रफळ काढा. मुलीचं उत्तर आलं दोनशे चौसष्ट. फोन म्हणाला, दोनशे शहाण्णव. आवाज अगदी ठाम. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा चौसष्टच. पूर्वीची असती तर तिनं मुकाट्यानं खोडरबर उचललं असतं. त्या दिवशी तिनं पान डोळ्यांजवळ नेलं आणि वाचून म्हणाली, "तू रस्ता बागेच्या बाहेरून धरलास. तो आतून आहे."

"माफ कर, तुझं बरोबर आहे. छान निरीक्षण!" फोन म्हणाला.

मला वाटलं ती खूश होईल. पण ती फोनकडे रोखून बघायला लागली. मग मुद्दाम म्हणाली, "नाही नाही, माझंच चुकलं. लांबीतून दोन एकदाच वजा करायचे, रुंदीतूनही एकदाच. उत्तर एकशे छत्तीस."

"अगदी बरोबर! छान निरीक्षण!"

दाराशी शेंगा सोलत बसलेल्या नानांनी मान वर केली. "हाई त बठ्ठासले हो म्हणस," ते म्हणाले. हे तर सगळ्यांनाच हो म्हणतं.

मुलीनं फोन पालथा ठेवला. "आई, मग माझं पहिलं उत्तरपण ते नुसतंच बरोबर म्हणालं असेल. मला कसं कळणार?"

मी ताट-वाट्या सरकवून तिला जागा करून दिली.

तिनं जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं, पट्टीनं मोजून बाग कापली, आणि दुसऱ्या पानातून रस्त्याच्या चार पट्ट्या: दोन लांब, दोन आखूड. चारहींचं क्षेत्रफळ वेगवेगळं काढून बेरीज केली तर आले दोनशे ऐंशी. आणखी तिसरंच उत्तर. तिचा चेहरा पडला. मी वरणाला फोडणी देत राहिले.

ती पट्ट्या बागेवर मांडून बसली, हलवून पाहू लागली. जरा वेळानं तिचा हात थांबला. कोपऱ्यांवर एक पट्टी दुसरीवर चढत होती. "कोपरे दोनदा मोजले मी," ती म्हणाली, माझ्याशी नाही, स्वतःशीच. चार कोपरे वजा केले, आणि दोनशे चौसष्ट आले. तिनं ते वहीत लिहिलं आणि भूक लागली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डेपोत मला बाईंचा फोन आला. शाळेतून फोन आला की आधी वाईटच मनात येतं. पण बाई म्हणाल्या, "आज वर्गात बहुतेकांचं उत्तर दोनशे शहाण्णव होतं. सगळ्यांनी फोनलाच विचारलेलं. तुमची मुलगी एकटी उभी राहिली." पोरं हसली म्हणे, फोन कसा चुकेल म्हणाली. मग हिनं दप्तरातून त्या पट्ट्या काढल्या, फळ्यावर टेकवून धरल्या, आणि कोपऱ्याची चूक आधी स्वतः करून दाखवली, मग दुरुस्त केली. बाईंनी विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" ही म्हणाली, "कुणी नाही बाई. मी आणि फोन भांडलो."

फोन ठेवला आणि माझं कामात लक्षच लागेना. पासाच्या खिडकीवर बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, साहेबांना फाईल द्यायला गेले तर त्यांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, "बक्षीस मिळालं का?" म्हटलं, नाही. पण मला ते बक्षिसाहून मोठं वाटलं होतं. माझी मुलगी, जी प्रश्न विचारायला घाबरायची, ती ठाम आवाजाला नाही म्हणाली होती. आणि त्यानं तिचीच बाजू घेतली तेव्हाही तिनं पडताळून पाहिलं. हे दुसरं मला स्वतःला चाळिशीत जमत नाही.

वार्षिक परीक्षेत ती काही पहिली आली नाही. चांगले मार्क मिळाले, एवढंच. फोनवरचा अभ्यास अजून चालू आहे, आणि त्याचं ऋण मी मानते. त्यानं तिची भीड चेपली. फक्त आता फोन काही सांगायला लागला की ती मध्येच थांबवून विचारते, "कशावरून?" परवा मी डाळ शिजली म्हटलं, तर मलाही तेच विचारलं. मी झाकण काढून दाखवलं.